गोळी उद्यापासून बंद नको, आधी तिची गरज कमी करा

दादा, बाबांना दम्यासाठी दोन वर्षांपासून रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू आहे आणि आता साखर निघाली, म्हणून गोळी उद्यापासूनच थांबवू का, असं तुम्ही विचारलंत. कृपा करून असं करू नका. इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं जवळपास सोडून देतात. गोळी एकदम तुटली तर उलट्या, चक्कर, बीपी खाली जाणं, आणि जिवावरही बेतू शकतं.

पण गोळी कमी व्हायलाच हवी. साखर, मोतीबिंदू, ठिसूळ हाडं, हे सगळं तिच्यामुळं होतं. माझ्या आईची गोळी सुटली ती आधी बाकीची घडी बसल्यावर.

पहिलं म्हणजे पंप. बाबांना डॉक्टरांसमोर घेऊन दाखवायला सांगा. पंप दाबणं आणि श्वास ओढणं जुळत नसेल तर औषध घशातच राहतं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला की फुप्फुसात जातं. नंतर चूळ भरायची. बाबांसारख्या रुग्णानं बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलसारखा पंप रोज घ्यायचा असतो, दम लागल्यावरच नाही. आपल्याकडे नेमकं इथंच बिघडतं: बरं वाटलं की पंप बंद, मग दम भरतो, मग पुन्हा गोळी. गावात कुणी बिननावाची दम्याची पुडी देत असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा, तिच्यात स्टेरॉइड असू शकतं.

दुसरं, कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा. तुरीचं, सोयाबीनचं ओलं कुटार उपसताना बुरशीची धूळ उडते. ते काम बाबांकडून काढून घ्या. थ्रेशरजवळही नको, पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) चुलीच्या धुरातही नको.

गोळी सुटत नाही अशा रुग्णात ॲस्परजिलस बुरशीची ॲलर्जी, म्हणजे एबीपीए, शोधलीच पाहिजे. आपल्या देशात ती कमी नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजात छातीच्या डॉक्टरांना रक्तातले इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी), एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिद्रव्य) आणि ॲस्परजिलसची आयजीई याबद्दल विचारा. एबीपीए निघाली तर इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध देतात, पण ते बुडेसोनाइडचा असर वाढवतं, म्हणून मनानं सुरू करू नका.

इओसिनोफिल जास्त असतील तर मेपोलिझुमॅबचं इंजेक्शन हा पर्याय आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यामुळं रोजच्या स्टेरॉइड गोळीचा डोस मध्यकानुसार (मधल्या रुग्णाचा) निम्म्यावर आला, दमा न बिघडता. महाग आहे, त्यामुळं वरचं सगळं झाल्यावरच त्याचा विचार.

मग डोस पायरीपायरीनं उतरवतात. ५ मिलिग्रॅमच्या आसपास सगळ्यात हळू, कारण तिथून पुढं शरीराला स्वतःचं बनवावं लागतं. त्यासाठी सकाळी कॉर्टिसॉलची, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडची, तपासणी करतात. तोवर आणि त्यानंतरही काही महिने बाबांच्या खिशात एक चिठ्ठी असू द्या: स्टेरॉइड चालू आहे किंवा होतं. जोराचा ताप, अपघात किंवा ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांना डोस वाढवावा लागतो.