वाचकांचे प्रश्न : कैरोचा मुइझ्झ रस्ता

प्रश्न : कैरोच्या जुन्या भागातल्या मुइझ्झ रस्त्यावर मशिदींचा दर्शनी भाग रस्त्याला समांतर असतो, नकाशात मात्र आतलं दालन तिरपं दिसतं. आखणी चुकली होती का?

उत्तर : आखणी मुद्दाम तशी आहे. रस्ता साधारण उत्तर-दक्षिण जातो आणि किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, कैरोहून आग्नेयेला येते. 969 मध्ये फातिमी घराण्याने शहर वसवलं तेव्हापासून रस्ता तिथेच आहे, त्यामुळे जुळवून घेणं मशिदींच्या वाट्याला आलं. 1125 मधल्या अल-अक्मर मशिदीने हे कैरोत पहिल्यांदा साधलं. तिची दर्शनी भिंत रस्त्याला धरून आहे, अंगण किब्ल्याला धरून. मधे उरलेली पाचर भिंतीच्या जाडीत जिरवली. एका टोकाला भिंत पातळ, तर दुसरीकडे इतकी जाड की तिच्या पोटात खोल्या आणि जिना बसला. सुलतान बरकूकच्या मदरशात (1384–86) हेच काम दारामागचा वाकडा बोळ करतो. आपण वळलो हे चालणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

प्रश्न : राजरस्ता म्हणावा तर तो फारच अरुंद वाटतो. पूर्वीपासून असाच होता?

उत्तर : मधला भाग तरी नव्हता. फातिमींच्या पूर्व आणि पश्चिम राजवाड्यांच्या मधे संचलनाचं मोठं मैदान होतं. ‘बैन अल-कसरैन’, म्हणजे ‘दोन राजवाड्यांच्या मधे’, ते हेच. 1171 मध्ये सलाहुद्दीनने फातिमी सत्ता संपवली, मग राजवाड्यांच्या जागी सुलतानांच्या इमारती आल्या. रस्त्यालगतची जागा मोक्याची. सुलतान कलावूनने 1284–85 मध्ये कबर आणि मदरसा रस्त्यावर आणले, इस्पितळ मागे ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याची प्रार्थना कबरीला मिळावी हा त्यातला हिशेब. 1744 मध्ये तर रस्ता फुटतो त्या बेचक्यातच कतखुदा या सरदाराची पाणपोई उभी राहिली, वर मुलांची शाळा.

रस्त्याची पातळीही वर चढत गेली. अल-अक्मर मुळात दुकानांच्या रांगेवर उचलून बांधलेली होती. ती दुकानं पुढे जमिनीखाली गेली, म्हणून आज तिची उंची पाहून मूळ प्रमाण कळत नाही.

दारावरून काळ ठरवतानाही सांभाळा. कलावूनच्या इमारतीशेजारच्या सुलतान अन-नासिरच्या मदरशाला गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपीय चर्चच्या धाटणीचं, दार आहे. ते 1291 मध्ये क्रूसेडरांकडून अक्का (एकर) हे बंदर जिंकल्यावर तिथल्या चर्चमधून आणलेलं.