इंग्लंडमधले भाड्याचे घर : वायरिंग २०१० ची, मग तपासणी कोणत्या आवृत्तीनुसार?
तुमच्या घराची वायरिंग ब्रिटनच्या वायरिंग नियमावलीच्या १७व्या आवृत्तीच्या काळातली असली, तरी आजची तपासणी १८व्या आवृत्तीनुसार, म्हणजे बीएस ७६७१:२०१८ या मानकानुसारच व्हायला हवी. खासगी भाड्याच्या घरांसाठीच्या २०२० च्या विद्युत सुरक्षा नियमांत हीच आवृत्ती नमूद असून, किमान दर ५ वर्षांनी पात्र व्यक्तीकडून तपासणी करून घेण्याचे बंधनही त्यांतच आहे. मात्र जुन्या आवृत्तीनुसार केलेले काम तेवढ्यावरून असुरक्षित ठरत नाही, असे खुद्द मानकाच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे. त्यामुळे सगळी वायरिंग बदलण्याचा आग्रह कोणी धरला, तर होकार देण्यापूर्वी तपासणी अहवालातील शेरे नीट वाचा. सी१ (थेट धोका), सी२ (संभाव्य धोका) किंवा एफआय (पुढील तपास आवश्यक) असेल, तर २८ दिवसांत, आणि अहवालात त्याहून कमी मुदत असल्यास तेवढ्यात, दुरुस्ती वा पुढील तपास करणे बंधनकारक आहे. सी३ ही केवळ सुधारणेची शिफारस होय. उदाहरणार्थ, लाकडी जिन्याखालचा जुना प्लास्टिकचा फ्यूजबॉक्स आजच्या नियमांत बसत नाही, पण जोडण्या घट्ट असतील आणि कुठे करपल्याच्या खुणा नसतील, तर त्याला साधारणपणे सी३ हाच शेरा मिळतो. हे सारे इंग्लंडपुरते आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये वेगळे कायदे लागू होतात.