सुधीर पटवर्धनांच्या चित्रांत मुंबई-ठाण्याची साधी माणसंच का दिसतात?

कारण त्यांची चित्रकला या माणसांकडे रोज बघण्यातूनच घडली. जन्म पुण्याचा, १९४९चा. वैद्यकीय शिक्षणही तिथलंच. १९७५ ते २००५ ते ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते आणि चित्रं त्याच काळात सुरू होती. पूर्णवेळ चित्रकार झाले ते नंतर. म्हणून इराणी हॉटेलातला माणूस, लोकलमधले प्रवासी, कामगार त्यांच्याकडे दयेचे विषय होत नाहीत. त्या थकलेल्या शरीरांना वजन असतं, आब असतो. ‘लोअर परळ’ (२००१) जरूर बघा, बदलतं गिरणगाव त्यात आहे. मात्र याला शहराची हुबेहूब नोंद समजू नका. अनेक ठिकाणांहून दिसणारी दृश्यं ते एकाच कॅनव्हासवर जोडतात. शिवाय अलीकडच्या कामात घराच्या आतलं जगही बरंच आलंय.