आधी बोटं, मग प्लास्टर

कृत्रिम पाय बनवताना पाऊल निवडायची घाई नको रे. जयपूर फूट हे कृत्रिम पाऊल 1968पासून आहे, ते जोडता येतं. खरा खेळ सॉकेटचा, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कवचाचा. गुडघ्याखालच्या स्टम्पवर, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायावर, प्लास्टरची पट्टी गुंडाळण्याआधी बोटांनी नीट चाचप. गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध भार झेलतो, तिथे पट्टीच्या साच्यातून काढलेला प्लास्टरचा भरीव ठसा खरवडायचा. नडगीची कड आणि बाहेरच्या बारीक हाडाचं डोकं दाब सोसत नाही, तिथे उलट थर चढवायचा. माझ्या पहिल्या सॉकेटमध्ये नेमका घोळ इथेच झाला. इंदुरात राजवाड्याजवळ गाडी लावणारे काका दोन दिवसांत लंगडत परत आले. चिडले नाहीत, उलट पोहे घेऊन आले. त्याचीच जास्त लाज वाटली. आणि माप सूज उतरल्यावरच घे. नाहीतर थोड्याच दिवसांत सॉकेट ढिलं पडतं, नि मोज्यांवर मोजे चढवत बसावं लागतं.