रुग्णाला घरी नेण्याआधी वॉर्डात काय शिकून घ्यावे?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ७१) पक्षाघात होऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली आहे. त्यांना जुना मधुमेह आहे. सध्या ते पुण्यातील एका रुग्णालयात आहेत. नाकात अन्नाची नळी आहे, लघवीची नळी आहे आणि कमरेखाली बेडसोअर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झाला आहे. प्रकृती स्थिर असल्यामुळे शनिवारी घरी न्या, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आमचे घर सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात असून तेथे आई, भाऊ आणि वहिनी असतात. मी नोकरीमुळे पुण्यात राहतो. आणखी काही दिवस ठेवून घ्या, असा आग्रह आम्ही धरावा का?

उत्तर : आपली भीती रास्त आहे. मात्र दिवस नुसते वाढवून ती कमी होणार नाही, कारण रुग्णालयातील मुक्काम लांबला की जंतुसंसर्गाचा धोका आणि खर्च दोन्ही वाढत जातात. प्रकृती स्थिर आहे एवढे डॉक्टर सांगू शकतात; घरी कोण काय करू शकेल, हे त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. म्हणून उपचार करणारे डॉक्टर, वॉर्डच्या सिस्टर, आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याशी एकत्र बोलण्याची वेळ मागून घ्या. सरकारी रुग्णालय असेल, तर समाजसेवा अधीक्षकांना या बैठकीत अवश्य बोलवा. घराची परिस्थिती डॉक्टरांपुढे मांडणे आणि योजनांची माहिती देणे हे त्यांचे कामच आहे. आग्रह धरायचाच असेल, तर शनिवारऐवजी सोमवार किंवा मंगळवारचा धरा. घरी नेल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वाधिक अडचणींचे असतात, आणि नेमक्या रविवारी गावातील दवाखाना व औषधाचे दुकान बंद असण्याची शक्यता असते.

वडिलांची शुश्रूषा प्रत्यक्ष जी व्यक्ती करणार आहे, तिने निदान दोन दिवस वॉर्डात थांबावे, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. आपल्या घरी ते बहुधा वहिनी किंवा भाऊ करतील. मग शिकायला आपण थांबून उपयोग नाही. सिस्टर करतात ते पाहणे पुरेसे नसते. सिस्टरांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने करावे लागते. अन्न देण्यापूर्वी नळीवरची खूण जागेवर आहे का हे पाहणे, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली ठेवणे, अन्न दिल्यावर पाण्याने नळी धुणे आणि त्यानंतर किमान अर्धा तास रुग्णाला आडवे न करणे, या गोष्टी अंगवळणी पडायला हव्यात. नळी निसटली तर ती घरी पुन्हा घालण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत मायेपोटीसुद्धा तोंडाने चमचाभर पाणी देऊ नये; ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता ठेवावी, आणि नळी कोणत्या तारखेला व कोठे बदलायची हे लिहून घ्यावे.

औषधांसाठी वेगळा वेळ काढा. घरातील जुन्या गोळ्या पिशवीत भरून वॉर्डात आणा आणि त्यांतील कोणत्या चालू ठेवायच्या, कोणत्या बंद करायच्या, हे डॉक्टरांकडून एकाच कागदावर लिहून घ्या. रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी दिली जाण्याचा प्रकार घरोघरी घडतो. शिवाय सगळ्या गोळ्या कुटून नळीवाटे देता येत नाहीत. मधुमेहावरील मेटफॉर्मिनची शरीरात हळूहळू सुटणारी गोळी किंवा आम्लपित्तावरील पॅन्टोप्राझोलची आवरण असलेली गोळी कुटली की तिचा हेतूच नष्ट होतो. अशा प्रत्येक गोळीला पर्याय मागा. इन्सुलिन चालू असेल, तर उलटी झाली किंवा अन्न देता आले नाही तर किती द्यायचे, याची लेखी सूचना हवीच. साखर ७० च्या खाली गेल्यास, नळी जागेवर असल्याची खात्री करून, तिच्यातून साखरेचे पाणी कसे द्यायचे, हेही तेथेच शिकून घ्या.

बेडसोअरसाठी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलावी लागते. एकट्या आईंकडून ते होणार नाही. पाळ्या आताच ठरवा आणि गरज वाटल्यास रात्रीसाठी मदतनीस पाहा. हवेची गादी, डोक्याकडून उचलता येणारा पलंग आणि ग्लुकोमीटर या वस्तू वडील घरी पोहोचण्याआधी तेथे असाव्यात. पलंग व गादी भाड्यानेही मिळतात. प्रवास झोपवून नेता येईल अशा रुग्णवाहिकेतूनच करावा.

डिस्चार्ज कार्डावर जखमेचा आकार, ड्रेसिंगची पद्धत, फिजिओथेरपीचे व्यायाम, पुढच्या तपासणीची तारीख आणि अडचण आल्यास फोन करायचा क्रमांक लिहिलेला आहे ना, हे निघण्यापूर्वी वाचून पाहा. त्याची एक प्रत आधीच गावच्या डॉक्टरांना व प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या आणि आशाताईंनाही कल्पना देऊन ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील, तर पुढच्या तपासण्यांपैकी काय योजनेत बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडून समजून घ्या.

ताप, लघवी थांबणे किंवा लाल होणे, जखमेला दुर्गंधी येणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपली, नव्याने अशक्तपणा आला किंवा श्वास घेणे कठीण झाले, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करा.