लिहायला आवडतं, वाचायला नाही

(तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं)

प्रश्न : ताई, मी १८ वर्षांची आहे, मिरजेत राहते, बीएस्सी फर्स्ट इयरला आहे. दहावीपर्यंत हातात येईल ते वाचायचे, शाळेच्या लायब्ररीतलं एक कपाट तर मी अख्खं संपवलेलं. मग अकरावी-बारावी, क्लास, मेडिकलसाठीची नीट परीक्षा. दोन वर्षं अभ्यासाशिवाय दुसरं पुस्तक हातात दिसलं तरी घरी बोलणी बसायची. नीट तर निघाली नाहीच आणि वाचनही गेलं, आता पुस्तक उघडलं की तिसऱ्या पानावर मोबाईल हातात येतो. लिहिणं मात्र सुटलं नाही, उलट वाढलंय, एका ॲपवर माझी कथामालिका चालू आहे, रोज एक भाग टाकते, लोक ‘पुढचा भाग कधी’ विचारतात. आमचे मराठीचे सर म्हणतात आधी दहा वर्षं वाच, मग लिही. पण बहिणाबाईंना तर वाचताच येत नव्हतं ना? आणि खरं सांगू, एखादी चांगली कथा वाचली की माझं सगळं फालतू वाटायला लागतं, मग चार दिवस काही सुचत नाही, म्हणून मी वाचणं टाळतेच. त्यात माझ्याच वयाच्या एका मुलीचा कवितासंग्रह पण आला. माझं काय चुकतंय?

उत्तर : सरांचं ते दहा वर्षांचं आधी बाजूला ठेव. वाचन संपवून मग लिहायला बसलेला लेखक मी तरी पाहिला नाही, दोन्ही एकदमच चालतं, कधी हे पुढे कधी ते.

बहिणाबाईंचं म्हणशील तर हे उदाहरण मला पत्रांमधून सारखं भेटतं आणि दर वेळी अर्धंच सांगितलेलं असतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं हे खरंय, शेतात राबताना, घरकाम करताना त्या गाणी रचायच्या, मुलगा सोपानदेव आणि त्याच्या एका मावसभावानं ती उतरवून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली, पुस्तक आलं ते १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. पण त्यांच्या कानात काय काय होतं ते बघ ना! जात्यावरच्या ओव्या, कीर्तनं, भजनं, म्हणी, आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, लहानपणापासून रोज, आणि तेही पाठ. तुझ्या-माझ्या कानात काय आहे? रील्सचं म्युझिक. त्यांना जे ऐकून मिळालं ते आपल्याला कुठून तरी मिळवावं लागणार, आणि पुस्तकाइतकी स्वस्त सोय दुसरी नाही. आजी असेल घरात तर तिलाही बोलतं कर, ते फुकटच आहे.

आता तुझं ते ‘फालतू वाटतं’. हे वाचून मला तर बरंच वाटलं. ज्यांना आपलं कधीच फालतू वाटत नाही अशांची हस्तलिखितं माझ्या टेबलावर येतात, त्यांना काही सांगायची सोयच नसते. तू वाचतेस तेव्हा काहीतरी नीट ओळखतेस, फक्त ओळखून पळून जातेस. पुढच्या वेळी पळू नकोस. ज्या कथेनं तुला असं केलं तीच परत काढ, पेन्सिल घे आणि बघ, सुरुवात नेमकी कुठून केलीय, भांडणाच्या आधी की भांडण झाल्यावर? बाई घरातून निघाली आणि बसस्टँडवर पोचली यात किती ओळी गेल्या? संवादात कोणी मनातलं सरळ बोलतंय का, का दोघंही दुधाच्या बिलाबद्दल बोलतायत आणि आपल्याला सगळं कळतंय? शेवटी काय सांगितलंच नाहीये? मग त्यातलं एक पान वहीत हातानं उतरवून काढ. शाळेतल्या शुद्धलेखनासारखं वाटेल, वाटू दे, पण हात हळू चालतो आणि डोळा जे गिळून टाकतो ते हाताला दिसतं, वाक्य कुठे तोडलंय, विशेषण कुठे गाळलंय. लेखकाची नक्कल होईल अशी भीती वाटत असेल तर होऊ दे थोडे दिवस, पाच जणांची केलीस की कुणा एकाची राहत नाही.

तुझ्या मालिकेबद्दल. रोज एक भाग टाकून तुला एक गोष्ट नक्की जमली असणार, भागाचा शेवट लटकता ठेवणं. ते सोपं नाही, कमी लेखू नकोस. पण रोज तेच केलं की हाताला तीच सवय लागते, दार वाजलं, फोन आला, ‘आणि समोर तो उभा होता’. एकाच खोलीत दोन माणसं बसलीयत, काही घडत नाहीये आणि तरी वाचणारा उठत नाही, असं एखादं पान लिहून बघ, मग मी काय म्हणते ते कळेल. माझं ऐकशील तर रोजचा भाग आठवड्यातून दोनदा कर, चार वाचक जातील, जाऊ देत, आणि उरलेल्या वेळात एक कथा लिही जी लगेच कुणाला दाखवायची नाही.

तिसऱ्या पानावर मोबाईल येतो त्याचं मला फारसं नवल नाही. दोन वर्षं तू चार पर्यायांतून उत्तर टिपण्यासाठी वाचलंस, डोळ्याला तेच वळण लागलंय. कादंबरी नको घेऊस इतक्यात, कथा घे, आठ-दहा पानांच्या. त्याला दिवाळी अंकासारखं काही नाही, १९०९ मध्ये ‘मनोरंजन’नं सुरू केलेली ही पद्धत अजून चालू आहे आणि वाचनालयात जुने अंक मिळून जातात. शेजारी सांगलीतलं नगर वाचनालय २०१९ च्या पुरात भिजलं, केवढी पुस्तकं गेली, तरी ते परत उभं राहिलंच की. तिथे एक चक्कर मार, मोबाईल बॅगेत ठेवून.

आणि त्या कवितासंग्रहवाल्या मुलीचं. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात बालकवींचं कौतुक झालं तेव्हा ते जेमतेम सतराचे होते. नारायण सुर्व्यांचा पहिला संग्रह आला तेव्हा ते छत्तिशीत होते. लक्ष्मीबाई टिळक तर लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या आणि त्यांच्या आठवणींचा पहिला भाग १९३४ मध्ये आला, साठी उलटून गेल्यावर. तू यात कुठे बसतेस ते आत्ता कोणी सांगू शकत नाही.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. आम्ही डोंबिवलीत राहतो, तो इंग्रजी मीडियममध्ये आहे. दिवसभर फक्त मांगा वाचतो, जपानी कॉमिक्स. मराठी पुस्तक आणलं की हात लावत नाही. याला वाचन म्हणायचं का?

उत्तर : म्हणायचं की! उजवीकडून डावीकडे, चित्र आणि शब्द एकदम धरत, पन्नास-पन्नास खंडांची गोष्ट लक्षात ठेवून वाचतोय तो, अजून काय हवं? वाचन हे काही पुण्यकर्म नाही की अमुक पुस्तक वाचलं तरच पदरात पडेल. मराठीचं म्हणाल तर तुम्हाला लहानपणी आवडलेली पुस्तकं त्याच्या उशाशी रचू नका, तो ओळखतो ते. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक नेटवर फुकट वाचायला मिळतात, त्यातलं एखादं गमतीशीर पान रात्री तुम्हीच मोठ्यानं वाचा, त्यानं ऐकलं तर ऐकलं. वाचून झाल्यावर ‘काय बोध मिळाला’ हे मात्र विचारू नका, सारांश तर लिहायला लावूच नका.

प्रश्न : मी २१ वर्षांचा, बीडचा. एका प्रातिनिधिक कवितासंग्रहासाठी माझ्या दोन कविता ‘निवडल्या’ आहेत असा मेसेज आला. हजार रुपये भरायचे, मग पुस्तकाच्या दोन प्रती, सन्मानपत्र आणि ट्रॉफी. भरू का?

उत्तर : नको भरूस. आधी पैसे भर मग छापतो असं म्हणणाऱ्यानं तुझी कविता निवडलेली नाही, तुला निवडलंय. त्या पुस्तकाचे गिऱ्हाईक म्हणजे त्यातलेच कवी, प्रत्येकाकडे दोन प्रती आणि भिंतीवर एक सन्मानपत्र, वाचणारा कोण? त्याच पैशात दोन चांगले संग्रह येतात, ते घे.

छापून यायचं असेल तर मासिकांना आणि दिवाळी अंकांना पाठव. दिवाळी अंकासाठी दिवाळीच्या तोंडावर पाठवून काही होत नाही, पावसाळा लागायच्या सुमारालाच पाठवलेलं बरं. युनिकोडमध्ये टाईप कर, तीन-चार कविता पुरे, एकच कविता एकाच वेळी पाच ठिकाणी नको, आणि फोटो, पुरस्कारांची यादी वगैरे कोणी बघत नाही. मानधन मिळेल न मिळेल, ते आमच्या धंद्याचं जुनं दुखणं आहे. उत्तर यायला महिने जातात, रोज फोन करू नकोस. आणि पाठवलेल्या कवितेची एक प्रत स्वतःजवळ ठेव रे बाबा, आमच्याकडे दर महिन्याला कोणीतरी फोन करून आपलीच कविता परत मागतं.