वाचकांचे प्रश्न : वॉटसन्स हॉटेलात बिऱ्हाडे कशी आली?

प्रश्न : मुंबईत काळा घोडा परिसरात लोखंडी खांबांची एक जीर्ण इमारत दिसते. ते पूर्वी नामांकित हॉटेल होते आणि पुढे तिथे कुटुंबे राहू लागली, हे खरे का? हॉटेलची घरे झाली कशी?

उत्तर : खरे आहे. एस्प्लनेड मॅन्शन नावाची ही इमारत म्हणजे १८७१ मध्ये सुरू झालेले वॉटसन्स हॉटेल. कापडाचे व्यापारी जॉन वॉटसन यांच्यासाठी तिचा आराखडा रोलँड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने केला. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या भव्य छपराच्या कामातही त्याचा हात होता. ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये घडवून बोटीने मुंबईत आणले गेले आणि जागेवर जोडले गेले. ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे ७ जुलै १८९६ रोजी भारतात प्रथम दाखवली गेली ती इथेच. त्याच वर्षी इथे उतरलेल्या मार्क ट्वेनने मात्र सज्जाच्या कठड्यावर बसणाऱ्या कावळ्यांवरच मनसोक्त लिहिले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या लोखंडी सांगाड्यात आहे. जुन्या दगडी इमारतीत वरच्या मजल्यांचा भार भिंती पेलतात, त्यामुळे भिंत हलवणे धोक्याचे असते; इथे भार खांब-तुळयांवर असून मधल्या भिंती केवळ आडोशापुरत्या आहेत. शिवाय प्रत्येक मजल्यावरील खोल्या रुंद सज्जांनी जोडलेल्या, म्हणजे चाळीची रचना जणू आयतीच तयार होती. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडले आणि वॉटसन्सचे वैभव ओसरत गेले. पुढे हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांचे लहान लहान गाळे पाडून ते भाड्याने देणे मुळीच अवघड गेले नाही. काहींत बिऱ्हाडे आली. सत्र न्यायालय जवळ असल्याने काहींत वकिलांनी कार्यालये थाटली.

ही सोयच इमारतीला भोवली, असे माझे मत आहे. जो तो आपल्या गरजेप्रमाणे आडोसे घालत गेला, सांगाड्यावरील बोजा वाढला, पावसाळ्यागणिक लोखंड गंजत राहिले आणि भाडे नियंत्रणामुळे गोठलेल्या भाड्यात एवढ्या मोठ्या डागडुजीचा खर्च निघणे शक्य नव्हते. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला; वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या २००६ च्या धोक्यातील शंभर वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले आणि २०१९ मध्ये ती रिकामी करण्याची वेळ आली. तिचे जतन करायचे झाल्यास नंतर घातलेले सारे आडोसे आधी उतरवावे लागतील, कारण कोणता खांब किती गंजला आहे, हे तो उघडा पडल्याशिवाय तपासता येणार नाही.